डबल बेल

एसटीच्या ड्रायव्हरला मागे वळून बघायची सवय नसते. मागे काय चाललंय ते कंडक्टरनं बघायचं आणि दोरी ओढून सांगायचं. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. म्हातारी अजून पायरीवर आहे की कोंबड्यांची पाटी अडकलीय, याची चौकशी ड्रायव्हर करत नाही. डबल मिळाली की गिअर टाकायचा. ज्याचा बेलवर विश्वास नाही त्यानं घाटात गाडी घालू नये. मी चिपळूण-कराड मार्गावर कुंभार्लीचा घाट चढून-उतरून उमर काढली, ती या विश्वासावर.

माझी कंडक्टर होती दर्शना मोरे. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून मीही तिला मास्तरच म्हणायचो. आवाज असा, की तिनं 'पाटणवाले उतरा' म्हटलं की शेवटच्या बाकावर झोपलेला कराडचा माणूससुद्धा धडपडून उभा राहायचा. आणि तिची डबल बेल सगळ्या डेपोत निराळी. बाकीचे दोन ठोके घाईनं एकामागोमाग देऊन मोकळे होत. ती पहिल्या ठोक्यानंतर एक श्वासभर थांबायची, दाराकडे शेवटचं एकदा बघायची, आणि मग दुसरा. घाग ड्रायव्हरनं बेल ऐकून लग्न केलं असं डेपोत म्हणायचे. मी कधी नाकारलं नाही.

पस्तिशीच्या आतच माझी कंबर धरायला लागली. सकाळी उठलो की अंग ओंडक्यासारखं, आणि गंमत म्हणजे चाललं की सुटायचं, पडून राहिलं की आखडायचं. ड्रायव्हरची कंबर दुखणारच, म्हणून मी तेल चोळत आणि पट्टा बांधत वर्षं घालवली. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि नाव सांगितलं, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते, ती चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या आधी सुजतात, मग तिथे हाड धरतं, आणि मणके एकमेकांना चिकटत चिकटत पाठीचा सगळा कणा एक सलग दांडा होतो.

"फोटोत तो बांबूसारखा दिसतो, म्हणून आम्ही बांबूच म्हणतो," डॉक्टर म्हणाले.

"कोकणात काय बांबूला तोटा होता, म्हणून माझ्यात लावला?" मी म्हणालो. दर्शना हसली नाही.

इंजेक्शनांनी आजार थांबला, पण तोवर माझी मान पुढे झुकलेल्या स्थितीत पक्की झाली होती. डावीकडे वळत नव्हती, उजवीकडे नाही, वर तर नाहीच. नजर कायमची चार पावलं पुढच्या जमिनीवर. स्टिअरिंग गेलं. डेपोनं टायरच्या स्टोअरमध्ये हलकं काम दिलं. घरात मी कोपऱ्याकोपऱ्यात आरसे लावले आणि दर्शनानं घरातली बेल सुरू केली. मागून आली की माझ्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची. एक ठोका, म्हणजे थांबा, मागे गरम पातेलं आहे. दोन ठोके, चला, रस्ता मोकळा. माझा कणा एकसंध झालेला, त्यामुळे तो ठोका सरळ वर चढून कवटीत वाजायचा. आणि काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की ती माझ्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसायची. कारण माझी नजर पडते ती तिथंच.

मग कान गेले. आधी मला वाटलं लोकच पुटपुटायला लागलेत. चिमणी गेली, प्रेशर कुकरची शिट्टी गेली. मग दर्शनाच्या बोलण्यातले स, श, त, फ गळायला लागले आणि उरलेल्या हुंकारांतून मी अर्थ लावत बसलो. हो ला हो करायचो. लग्नात, बारशात हसणाऱ्यांबरोबर हसायचो, एकदा तर दुखवट्याला गेलो तिथंही हसलो. त्यानंतर मी घराबाहेर पडायचं बंद केलं.

कानाच्या डॉक्टर आठल्ये वयानं लहान, पण समजावून सांगायची हौस दांडगी. त्या म्हणाल्या, "घागकाका, कानात तीन इवलीशी हाडं असतात आणि त्यांनाही सांधे असतात. त्यांच्याही आत गोगलगायीसारखा एक शंख असतो, त्यात सूक्ष्म केस. आवाजानं ते केस हलतात आणि मज्जातंतूला खबर देतात. बारीक, उंच सुरांचे केस अगदी दाराशी असतात, ते आधी मरतात. मणक्यांवर जो दाह उठतो तो कानापर्यंत पोचू शकतो. तुमच्या आजारात हे बऱ्याच जणांचं होतं, पण पाठीच्या दुखण्यापुढे कानाकडे बघतो कोण?"

साधं श्रवणयंत्र लावून झालं. त्यानं गोंगाट मोठा झाला, शब्द काही उघडले नाहीत. दोनेक वर्षांनी नवं यंत्र आलं. नाव सुश्राव्य.

शंखात केसाएवढी तार घालायची आणि कानामागे एक चपटी चकती. इथवर जुनंच. नवं होतं ते चकतीतलं डोकं. ती समोरच्याचं बोलणं ऐकते, कोण बोलतंय आणि काय बोलतंय ते ओळखते, आणि ते वाक्य पुन्हा नव्यानं घडवून तारेतून मज्जातंतूला देते. आवाज लोखंडी वाटू नये म्हणून जवळच्या माणसांचा ठसा आधीच घेऊन ठेवायचा. माणूस पुढे कसाही बोलो, शब्द त्याचे आजचे आणि गळा ठशातला. वारा, पंखा, भांडी, खोकला, घोगरेपणा, ठशाशी न जुळणारं सगळं केर म्हणून बाजूला.

ठसा द्यायला दर्शनाला काचेच्या खोलीत बसवलं. थोडा वेळ काहीही बोला म्हणाले. जन्मभर बोलून पोट भरलेली बाई तिथं लाजली. मग तिला जे पाठ होतं ते तिनं म्हटलं, "खेर्डी, पिंपळी, शिरगाव, पोफळी! घाटाचे पुढे बसा! हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, कराड! सुट्टे पैसे काढून ठेवा!"

चकती सुरू केली त्या दिवशी ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काय ओ ड्रायव्हर, येतंय का ऐकू?"

प्रत्येक अक्षर लखलखीत. घाटात, पावसाळी धुक्यात, मागच्या दारातून यायचा तोच आवाज. मी इतका रडलो की आठल्ये डॉक्टर खोलीबाहेर निघून गेल्या. खोटं कशाला बोलू, त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. ती स्वयंपाकघरातून बोलायची, मी ओसरीवरून उत्तर द्यायचो. आम्ही पुन्हा भांडायला लागलो, म्हणजे सगळं सुरळीत झालं. पाठीवरची टकटक कधी बंद पडली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आवाज पोचत होता, हाताची गरज राहिली नव्हती.

ती निवृत्त झाली त्या वर्षीच्या गणपतीनंतर एकदा भाजी निवडताना म्हणाली, "शेजारची वंदना म्हणते माझा आवाज बसलाय. बसलाय का ओ?"

"छे. खणखणीत आहे."

"मला पण जरा खरखर वाटते."

"मास्तर, तीस वर्षं ओरडलीस. आता गप्प बसायची सवय नाही, म्हणून वाटतं तसं."

ती हसली, आणि विषय तिथंच संपला. कारण माझ्या कानावर तिचा फार भरवसा होता. एकदा भर घाटात चाकातून बारीक किरकिर ऐकून मी गाडी उभी केली होती. पॅसेंजर शिव्या घालत होते, आणि मेकॅनिकनं येऊन चाक उघडलं तर बेअरिंगचा भुगा. खाली दरी. ती गोष्ट दर्शना येईल-जाईल त्याला सांगायची. पुढे दिवाळी गेली, शिमगा जवळ आला. अधूनमधून ती विचारायची आणि मी मन लावून ऐकायचो. हयगय केली नाही. जे कानात येत होतं तेच सांगत होतो. काहीही फरक नव्हता. फरक पडूच नये अशी सोय कानामागे केलेली होती.

शिमग्याला परकार आला. इब्राहिम परकार, माझ्याबरोबरचा ड्रायव्हर, मुलाकडे मस्कतला वर्षभर राहून आलेला. दर्शनानं चहा आणला, विचारपूस केली. परकारनं कप खाली ठेवला.

"वैनी, हे कवापासून?"

"काय?"

"आवाज गो तुझा. पत्रा घासल्यासारखा येतोय." तो माझ्याकडे वळला. "घाग, तुला कळत नाय?"

"काय कळायचंय? मस्त बोलतेय."

परकार वाकून माझ्या तोंडासमोर आला. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितले. "घाग, तिच्या घशातून हवा येतेय रे नुसती," तो म्हणाला.

मी आरशात दर्शनाकडे बघितलं. तिनं हात गळ्यावर ठेवला होता.

गाठ स्वरयंत्रावर होती. तिथून मानेत उतरली होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, आवाज बदलून किती दिवस झाले? दर्शना म्हणाली, गणपतीपासून. ते म्हणाले, तीन-चार आठवडे आवाज बसलेला राहिला की दाखवायचं असतं, लवकर आला असता तर किरणांच्या शेकावर भागलं असतं, कदाचित आवाजही राहिला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" त्यांनी सहज विचारलं.

दर्शना चटकन म्हणाली, "आमच्या घरी दोघंच."

मी चकती काढून आठल्ये डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती जोडून तपासली, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग ती पुन्हा माझ्या कानामागे लावून म्हणाल्या, "काका, यंत्रात बिघाड नाही. ते जसं चालायला हवं तसंच चाललंय. तिचा आवाज घोगरा होत गेला, तसं ते जास्त मेहनत घेऊन तो साफ करत गेलं." आणि त्यांचा चेहरा माझ्या नजरेच्या रेषेत आला, कारण त्या खुर्चीतून उतरून जमिनीवर बसल्या होत्या. "हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नवराबायकोत आवाजाचा उपयोग फक्त शब्द पोचवायला होतो असं धरून चाललो आम्ही."

मी त्यांना म्हणालो, हे दुरुस्तीचं बंद करा. कापण्याआधी मला तिचा खरा आवाज ऐकायचाय.

त्यांनी दुरुस्ती बंद केली. दर्शना समोर बसून काहीतरी म्हणाली. कानात पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा खडखडाट झाला. ती पुन्हा बोलली, पुन्हा तेच.

"हा तिचा आवाज?"

"नुसत्या तारेतून सगळ्यांचाच असा येतो," डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. खाली आणखी एक ओळ लिहिली. "यातलं तिचं किती आणि तारेचं किती, ते मला वेगळं करून देता येणार नाही."

म्हणजे तो आवाज परकारनं ऐकला, वंदनानं ऐकला, भाजीवाल्यानंही ऐकला असेल. बायकोच्या घशातला शेवटचा आवाज आमच्या सगळ्या खेर्डी गावानं ऐकला आणि मला तो ऐकायचा मार्गच नव्हता. मी त्या खोलीत ओरडलो. काय ओरडलो ते मला ऐकू आलं नाही. शेवटी दुरुस्ती पुन्हा सुरू करून घ्यावी लागली, तिच्याशिवाय कुणाचंच बोलणं कळत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. पोरगा नम्र होता, हात जोडूनच आत आला. म्हणाला, काकूंच्या गळ्याला एक पट्टी लावू, ती जबड्याची, जिभेची हालचाल वाचते. काकूंनी नुसते ओठ हलवले तरी वाक्य काकांच्या यंत्रात जाईल आणि जुन्या ठशातून ऐकू येईल. "काका, तुमच्यासाठी काहीच बदलणार नाही," तो म्हणाला. मी त्याला ऊठ म्हणालो. चहाही दिला नाही.

तो गेल्यावर दर्शना माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"पट्टी लावून घेऊ या," ती म्हणाली.

"त्याच आवाजानं घात केला आपला."

"घात कसला ओ. माझा मलाच कळत होता की खरखरीत लागतोय. तुम्ही चांगला म्हणायचात, ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून गेले नाही. बाईला चांगलं म्हणणारा एक माणूस असला की पुरतं." मग म्हणाली, "तो आवाज आता माझ्या गळ्यात नाय, कुठंच नाय. तुमच्या कानात आहे तेवढाच. तो पण काढून टाकू नका. मी कुठंतरी धड असू दे."

हे सगळं ती त्याच लखलखीत आवाजात बोलत होती. मी काय करणार होतो? हो म्हणालो.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पट्टी लावली. तिनं ओठ हलवले आणि माझ्या कानात चिपळूण स्टँडवरची, जुनी दर्शना बोलायला लागली. चहात साखर टाकलीत का? खिडकी लावा. पहिले काही दिवस मला वाटलं, जमेल हे. ती पण खूश होती, मुद्दाम जास्त बोलायची.

पण गाठी थांबल्या नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी ती खाटेला लागली. हाडात उतरलं होतं. मी तिच्या पायाशी स्टूल टाकून बसायचो, पण झुकलेल्या मानेमुळे मला खाटेची चौकट दिसायची, तिचा चेहरा नाही. परकारनं भंगारातून जुन्या गाडीचा आरसा आणला आणि भिंतीवर, माझ्या नजरेच्या उंचीला, तिरका बसवून दिला. खाटेच्या कडेवर तिच्याकडे पाठ करून बसलं की त्यात ती पूर्ण दिसायची. मी पुढे, ती मागे. पुन्हा गाडीत बसल्यासारखे बसायला लागलो.

एका सकाळी आरशात तिचा चेहरा पिळवटलेला दिसला. ओठ हलले. आणि माझ्या कानात टवटवीत, ठणठणीत आवाज आला, "अहो, लय दुखतंय. सोसत नाय आता."

'सुट्टे पैसे काढून ठेवा' म्हणायचा तोच सूर. आरशात बाई वेदनेनं दात आवळत होती आणि कानात ती पॅसेंजरांना पुढे सरकायला सांगत होती. ठशात दुखण्याचा आवाजच नव्हता. ठसा घेतला तेव्हा तिला कुठं काय दुखत होतं?

मी चकती उपटून काढली. जग एका क्षणात कापसात बुडालं. आरशात ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं रागावेल. मी म्हणालो, "मास्तर, मला नको तो आवाज. ती तू नाहीस. तू इथं आहेस." माझे शब्द बरोबर निघाले की नाही देव जाणे.

तिनं पांघरुणातून हात काढला. मग माझ्या पाठीवर, मणक्याच्या मधोमध, बोटाचं पेर टेकलं. एक ठोका.

किती वर्षांनी. तो ठोका त्या मेल्या बांबूतून सरळ वर चढला आणि कवटीत वाजला. कुठली तार नाही, ठसा नाही, साफसफाई नाही. हात अशक्त होता तर ठोकाही अशक्त आला, थरथरत होता तर थरथरत आला. इतके महिने जे मागत होतो ते मला पाठीतून ऐकू आलं. ती किती संपत आलीय ते मला त्या एका ठोक्यात कळलं, आणि मी तिथं बसून लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतर आम्ही असंच बोललो. एक म्हणजे थांबा, उठू नका. दोन म्हणजे जा, जेवून या. दुखायचं तेव्हा ती नुसता तळवा टेकवून ठेवायची आणि मी हलायचो नाही. एवढ्या दोन-तीन शब्दांत आमचं सगळं भागत होतं.

त्या दुपारी परकार नमाजाला गेला होता, वंदना पेज ठेवून गेली होती. मी कडेवर बसलो होतो. पाठीवर ठोका पडला. श्वासभर थांबून दुसरा. डबल.

"पेज नको मला," मी म्हणालो.

आरशात तिनं मान हलवली. जेवणाचं नव्हतं. तिनं पुन्हा दिली, एक, थांबून, दुसरा, आणि आरशातून दाराकडे बघितलं, जसं स्टँड सोडताना शेवटचं एकदा बघायची. सगळे चढले, रस्ता मोकळा, निघा आता. माझ्यासाठी रस्ता मोकळा करून देत होती ती.

एसटीत बेल कंडक्टरच्या हातात असते. ड्रायव्हरकडे बेल नसते, त्यानं उलटी बेल द्यायची नसते. उभ्या नोकरीत मी तिची डबल कधी मोडली नव्हती. मी हात मागे नेला आणि खाटेच्या लाकडावर पेरानं एकच ठोका दिला. सिंगल. थांब.

आरशात ती हसली. खरंच हसली, गळ्यावरचं भोक थरथरलं. मग तिचा हात पुन्हा माझ्या पाठीवर आला.

एक ठोका पडला.

मी आरशात बघितलं नाही. नजर खाली ठेवली, माझी असतेच. ती पहिल्या ठोक्यानंतर थोडी थांबते, हे मला माहीत होतं. परकार परत आला, वंदना आली, कुणीतरी मला खांद्याला धरून उठवू लागलं. मी उठेना. त्यांना कसं सांगायचं, की दुसरा ठोका पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.